ट्रेलरचा हुक घरच्या घरी : लोखंडापेक्षा आकडा महत्त्वाचा

अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर जोडून फिरणे ही अगदी साधी गोष्ट समजली जाते. कुणी मागे बोट ओढून नेतो, कुणी घोडे, कुणी घरसामान, तर कुणी चाकांवरची छोटी खोलीच. एरवी आलिशान म्हणून ओळखली जाणारी महागडी एसयूव्ही गाडीही तेथे या कामातून सुटत नाही. ज्याने ही गाडी हुक नसलेली विकत घेतली त्याला पुढे ट्रेलर ओढायची गरज पडली की त्याच्यासमोर दोन रस्ते असतात. एक म्हणजे कंपनीच्या डीलरकडे जाऊन भरपूर मजुरी मोजणे, आणि दुसरा म्हणजे तयार संच मागवून घरच्या गॅरेजात स्वतः हुक बसविणे. हजारो लोक दुसरा रस्ता धरतात.

आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांना या विषयात रस का असावा, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे की, या एका हुकाच्या धंद्यात हुनर, हिशेब आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. शिवाय आपल्यातील अनेकजण गॅरेज, वेल्डिंग, फॅब्रिकेशन व सुट्या भागांच्या व्यापारात आहेत. कित्येक घरांतील तरुण परदेशात हेच काम करीत आहेत. तेव्हा हे काम नेमके कसे चालते, त्यात धोका कोठे आहे आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे पाहू या.

हुक म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ज्याला टोचनाचा हुक म्हणतात त्याहून ही वस्तू वेगळी आहे. बंद पडलेली गाडी दोरीने ओढून गॅरेजपर्यंत नेण्यापुरता टोचनाचा हुक असतो. ट्रेलरचा हुक मात्र ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने, चढ-उतारावर, वळणावर व ब्रेक मारताना सतत ओझे झेलतो. गाडीच्या मागील बाजूस आडवी पोलादी नळी बसविलेली असते व तिच्या मधोमध एक चौकोनी तोंड असते. या तोंडात गोळा बसविलेली दांडी सरकवून आडवी पिन घालतात. ट्रेलरच्या दांडीची वाटी या गोळ्यावर बसते.

हे हुक वर्गवार विकले जातात. कंपनीप्रमाणे थोडाफार फरक असतो, परंतु साधारण हिशेब असा :

क्लास १ : ट्रेलरचे एकूण वजन २,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९०० किलो. चौकोनी तोंड सव्वा इंची.

क्लास २ : ३,५०० पौंडांपर्यंत, सुमारे १,५९० किलो. तोंड सव्वा इंची.

क्लास ३ : बहुधा ८,००० पौंडांपर्यंत, सुमारे ३,६३० किलो. तोंड दोन इंची.

क्लास ४ : बहुधा १०,००० पौंडांपर्यंत, सुमारे ४,५४० किलो. तोंड दोन इंची.

गोळ्याचेही तीन माप प्रचलित आहेत : १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. युरोपात मात्र ५० मिलिमीटरचा गोळा चालतो. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरहूनही कमी असल्याने नजरेला तो कळत नाही. परंतु युरोपच्या गोळ्यावर अमेरिकेची वाटी सैल बसते आणि खड्ड्यात उसळी बसली की निसटू शकते. डोळ्याला सारखे दिसणारे दोन माल एकच नसतात, हे सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

बैलगाडीचा जुना हिशेब

ट्रेलर ओढण्यातील सर्वांत मोठे शास्त्र आपल्या बैलगाडीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते. पुढे जास्त भरला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. दोन्ही वाईट. मोटारीमागच्या ट्रेलरचेही तसेच आहे. ट्रेलरच्या दांडीचा जो भार गोळ्यावर खाली पडतो तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतील नियम आहे. म्हणजे २,००० किलोचा ट्रेलर असेल तर गोळ्यावर २०० ते ३०० किलो.

हा भार कमी पडला की ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. एकदा झोके वाढू लागले की ते गाडीलाही आपल्याबरोबर फिरवतात. जास्त पडला की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग व ब्रेक दोन्ही कमी लागतात. उत्तम वेल्डिंग व जाड लोखंड असूनही निव्वळ माल चुकीच्या जागी ठेवल्याने अपघात होतात ते यामुळेच.

हा भार मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. घरातला वजनकाटा फार मोठे वजन झेलत नाही. म्हणून एका बाजूला वीट व दुसऱ्या बाजूला वजनकाटा ठेवून त्यांवर तीन फूट अंतराने टेकेल अशी मजबूत फळी आडवी ठेवतात. ट्रेलरची दांडी विटेपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवितात. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट म्हणजे दांडीचा भार. फळीचे स्वतःचे वजन आधी पाहून ते वजा करावे, इतकेच.

सर्वांत लहान आकडा राज्य करतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पोर्शे कंपनीची कायेन ही गाडी घ्या. २००२ साली ती बाजारात आली. फोक्सवॅगनची टूआरेग ही तिची सख्खी बहीण. पहिल्या पिढीच्या कायेनची ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो, म्हणजे ७,७१६ पौंड. २००६ साली इंग्लंडमधील डन्सफोल्ड येथे टूआरेगने सुमारे १५५ टनांचे बोइंग ७४७ विमान ओढून दाखविले. ही जाहिरात पाहून अनेकांना वाटले की, या गाडीला कितीही माल लावा, ती ओढेल.

परंतु नीट पाहिले तर ते विमान दीडशे मीटर, ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाने, सपाट धावपट्टीवर ओढले गेले. चाके घसरू नयेत म्हणून गाडीतच ४ टनांहून अधिक वजन भरलेले होते. घाटात उतरणे नाही, वळण नाही, अचानक ब्रेक मारणे नाही. इंजिनाची ताकद आणि रस्त्यावर सुरक्षित ओढण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, एखाद्या गाडीच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो व गोळ्यावरचा भार २८० किलो दिला आहे. १० टक्क्यांच्या हिशेबाने २८० किलोत फक्त २,८०० किलोचा ट्रेलर बसतो. आता हुक ३,६०० किलोचा आहे, पण गोळ्यावर २,२७० किलो कोरलेले आहे. मग मर्यादा २,२७० किलो. आणि वाटी १,५९० किलोची असेल तर मर्यादा १,५९०. गाडी, हुक, दांडी, गोळा, पिन, वाटी, साखळी यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान तोच साऱ्या जोडणीचा आकडा. जाड हुक बसविला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. या धंद्यातील पहिला व शेवटचा नियम हाच आहे.

घरी बसविण्याची पद्धत

जुन्या जीप-ट्रकला खाली स्वतंत्र लोखंडी चॅसी असते. तिला हुक लावणे तुलनेने सोपे. कायेनसारख्या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचे संपूर्ण शरीर हाच तिचा सांगाडा. म्हणून हुक नेमक्या त्याच ठिकाणी लागतो जेथे कंपनीने आतून मजबुती व भोके ठेवलेली असतात. ती जागा बहुधा मागील बंपरच्या पोटात असते.

काम साधारण पुढील क्रमाने चालते.

पहिली गोष्ट कागद. गाडीचे पुस्तक, हुकाच्या संचाबरोबरचे सूचनापत्र आणि संच त्याच मॉडेलचा व त्याच वर्षाचा आहे की नाही, हे तपासल्याखेरीज पाना हातात धरायचा नाही.

दुसरी गोष्ट जागा. सपाट फरशी, पुढच्या चाकांना ओट, आणि गाडीखाली मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. हवेचे सस्पेन्शन असलेल्या गाडीत ती यंत्रणा आधी जॅकच्या स्थितीत लॉक करावी लागते, नाहीतर गाडी आपोआप वर-खाली होण्याचा प्रयत्न करते. बॅटरीची वायरही काढून ठेवतात.

तिसरी गोष्ट बंपरचे प्लास्टिक. चाकाच्या कमानीतील, मागच्या दिव्यांजवळचे व खालचे स्क्रू काढून, क्लिपा हळूहळू सोडवून हे कव्हर दोन माणसांनी मागे ओढायचे असते. पार्किंग सेन्सरचा प्लग आधी सोडवावा, नाहीतर वायर तुटते. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून खाली जुने ब्लँकेट अंथरतात.

चौथी गोष्ट आतला आडवा बार. मागून धक्का बसल्यास तो झेलणारा हा बार आहे. काही संचांत हुक या बारच्या जागी बसतो, काहींत बारबरोबर. सूचनापत्रात असेल तेच करायचे. हुकाचा सांगाडा जड असतो, म्हणून एकाने उचलून धरायचा व दुसऱ्याने बोल्ट लावायचे. सर्व बोल्ट आधी हातानेच लावतात. सांगाडा मध्यभागी आला की मग टॉर्क पान्याने, सूचनापत्रातील आकड्याप्रमाणे, टप्प्याटप्प्याने आवळतात.

येथे बोल्टविषयी दोन शब्द. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे लिहिलेले असते. ८.८ मधील पहिल्या आकड्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणापर्यंत बोल्ट तुटत नाही. दुसऱ्या आकड्याचा अर्थ, त्याच्या ८० टक्के ताणावर तो कायमचा लांबू लागतो. म्हणूनच हातापायाच्या जोराने नुसता घट्ट आवळणे हे येथे कौशल्य नव्हे. कमी आवळला तर सांधा हलतो, जास्त आवळला तर बोल्ट आतूनच थकतो. संचातील बोल्ट हरवला म्हणून बाजारातला बिननंबरी बोल्ट घालणे तर पूर्णपणे वर्ज्य.

पाचवी गोष्ट म्हणजे जे करायचे नाही ते. भोक जुळत नाही म्हणून ते मोठे करू नये. आणि वेल्डिंग करू नये. आपल्या वेल्डर बांधवांना हे खटकेल, पण कारण समजून घ्यावे. आजच्या गाड्यांत वापरलेले उच्च ताकदीचे पोलाद विशिष्ट उष्णता देऊन तयार केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारची पट्टी आपली ताकद गमावते. टाका मजबूत राहतो आणि शेजारचा पत्रा फाटतो.

सर्वांत जास्त अडचण वायरिंगची

लोखंडाचे काम एका दिवसात होते. महागड्या गाडीत खरी परीक्षा असते ती दिव्यांच्या वायरिंगची. ट्रेलरच्या मागचे दिवे, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा गाडीबरोबर लागले पाहिजेत. अमेरिकेतील साध्या ट्रेलरला चार वायरी असतात : पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटर व ब्रेकची, हिरवी उजव्या इंडिकेटर व ब्रेकची. म्हणजे इंडिकेटर आणि ब्रेक एकाच दिव्यातून चालतात. युरोपच्या गाडीत मात्र पिवळा इंडिकेटर वेगळा व लाल ब्रेक वेगळा. या दोन पद्धती जुळविण्यासाठी मध्ये एक छोटा कन्व्हर्टर बसवावा लागतो.

शिवाय गाडीतील संगणक प्रत्येक दिव्याच्या करंटवर नजर ठेवतो. मागच्या दिव्याची वायर सोलून त्याला सरळ जोड दिला की संगणक बिघाड दाखवितो. म्हणून ट्रेलरच्या दिव्यांना करंट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज घालून घेतात आणि गाडीच्या दिव्याकडून फक्त इशारा घेतात. अनेक गाड्यांत त्याच गाडीचे खास मॉड्यूल मिळते. ते बसविल्यावर संगणकात 'हुक बसविला आहे' अशी नोंद करावी लागते. तेव्हाच ट्रेलर जोडलेला असताना मागचे पार्किंग सेन्सर गप्प राहतात आणि झोके आवरणारी यंत्रणा ट्रेलर ओळखते. ही नोंद करणे घरच्या माणसाच्या आवाक्याबाहेर असते. शहाणे लोक एवढ्या कामापुरते जाणकार दुकानात जातात आणि बाकीचे घरी करतात.

शेवटी साऱ्या दिव्यांची चाचणी, उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग, आणि ट्रेलर ओढून थोडे अंतर गेल्यावर बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासणे. ट्रेलर जोडताना दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन अडकवितात. वाटी निसटलीच तर दांडी जमिनीवर न आदळता साखळ्यांच्या झोळीत पडते.

संच विकणारे काय विकतात?

आता व्यापाराच्या दृष्टीने पाहू. अमेरिकेत हुक बनविणाऱ्या कंपन्या केवळ लोखंड विकत नाहीत. कर्ट ही विस्कॉन्सिन राज्यातील ओ क्लेअर गावची कंपनी १९९४ साली सुरू झाली आणि २०१९ साली एलसीआय इंडस्ट्रीज या मोठ्या उद्योगसमूहाने ती विकत घेतली. अशा कंपन्या प्रत्येक गाडीचे, प्रत्येक वर्षाच्या मॉडेलचे माप घेऊन वेगळा साचा तयार करतात. एसएई जे ६८४ या मानकाप्रमाणे हुकाची चाचणी होते. बरोबर चित्रांसह सूचनापत्र येते. प्रत्येक बोल्टचा टॉर्क लिहिलेला असतो. हुकावरच वजनाची पट्टी चिकटविलेली असते. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते या मापाला, या चाचणीला आणि या पट्टीवरच्या आकड्याला.

इंग्लंडमध्ये तर १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदणी झालेल्या मोटारींना प्रमाणित नमुन्याचाच हुक लागतो. घरी बसविला तरी चालतो, पण हुकावर मान्यतेची पट्टी हवी.

नकार देण्याचाही एक धंदा आहे. यू-हॉल ही कंपनी १९४५ पासून ट्रेलर भाड्याने देते व हुकही बसवून देते. २००३ च्या अखेरीस तिने फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीमागे ट्रेलर देणे बंद केले. या गाडीसंबंधीच्या खटल्यांचा खर्च परवडत नाही, असे कारण तिने दिले. एक्स्प्लोरर तेव्हा अमेरिकेतील अतिशय खपाची गाडी होती, तरीही कंपनीने ते भाडे सोडले. पुढे २०१३ साली २०११ व त्यानंतरच्या मॉडेलांना तिने पुन्हा परवानगी दिली. गिऱ्हाईक दारात उभे असताना नाही म्हणणे कठीण असते, परंतु मोठा धंदा टिकतो तो कधीकधी अशा नकारावरच.

आपल्या कायद्यात काय आहे?

वरील माहिती वाचून येथील गाडीला उद्याच हुक ठोकण्याचा विचार कुणी करू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कलम ५२ चा आधार घेऊन केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींच्या पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. शिवाय ट्रेलर हेही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच आहे, त्यालाही नोंदणी लागते. तेव्हा असे काम येईल त्याने आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे व लेखी उत्तर घ्यावे.

कारागिरांनी काय घ्यावे?

तरीही हा धडा आपल्या उपयोगाचा आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावरून जातात. त्यांचे हुक, पिना, दांड्या गावोगावच्या वर्कशॉपमध्ये तयार होतात व दुरुस्त होतात. हातगाड्या, टेम्पोचे मागचे सांगाडे, माल उचलण्याचे घोडे हेही आपलेच कारागीर करतात. हातात हुनर भरपूर आहे. उणीव आहे ती लिहून देण्याची.

त्यासाठी तीन गोष्टी आजपासून करता येतील. पहिली, जी वस्तू ओझे उचलते वा ओढते तिच्यावर मर्यादेचा आकडा आणि आपल्या दुकानाचे नाव पंचाने ठोकावे. हा आकडा अंदाजाने ठोकू नये, जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. दुसरी, वापरलेल्या बोल्टचा ग्रेड व पिनेचे माप बिलावर लिहावे. तिसरी, एक टॉर्क पाना घ्यावा व तो वापरण्याची सवय शिकाऊ मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

आकडा लिहिणारा कारागीर सुरुवातीला थोडे गिऱ्हाईक गमावील, हे खरे. जास्त माल भरणाऱ्याला तो आकडा आवडणार नाही. परंतु पिन तुटून ट्रॉली सुटली तर मागून सायकलवर येणाऱ्या माणसाचा जीव जातो आणि बोट दाखविले जाते ते शेवटचा टाका मारणाऱ्याकडे. त्या वेळी लिहिलेला आकडाच कारागिराच्या बाजूने बोलतो. आणि गिऱ्हाइकाला एकदा कळले की या दुकानातील आकडा खोटा नसतो, की त्याच आकड्यासाठी तो दूरवरून येतो व दोन पैसे जास्तही देतो.